भाचा, ज्येष्ठता आणि कलम ३०

पत्र : 'आमची संस्था कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल चालवते. मुख्याध्यापक मे अखेरीस निवृत्त होताहेत. ज्येष्ठता यादीत पुढे आहेत ते गणित-विज्ञानाचे सर. घरची भाषा कन्नड, गाव बैलहोंगलकडचं, पण वीसेक वर्षं आमच्याकडे मराठीतूनच शिकवतात. त्यांच्या मागोमाग मराठीच्या बाई आहेत. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, कन्नड माणूस खुर्चीवर बसला की शाळा गेलीच. आपण भाषिक अल्पसंख्याक, आपल्याला राज्यघटनेचं कलम ३० आहे, कोण विचारणार? चेअरमनसाहेबांचे भाचे कोल्हापूरकडे शिक्षक आहेत, त्यांनाच मुख्याध्यापक म्हणून आणावं असंही चाललंय. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातला क्लार्क म्हणतो, सीनियॉरिटी सोडून प्रस्ताव पाठवलात तर परत येणार. अल्पसंख्याक दर्जाचा दाखला पूर्वी घेतला होता म्हणे, फाइलमध्ये सापडत नाही. कायद्याने आम्ही कुणाला नेमू शकतो? सर कोर्टात गेले तर? आणि सभेआधी त्यांच्याशी बोलावं की नको?' – संस्थेचा सचिव, खानापूर तालुका

सचिवसाहेब, नमस्कार.

आधी क्लार्कचं बघू, कारण प्रस्ताव त्याच्याच टेबलावरून पुढे सरकायचा आहे. तो तुम्हाला फसवत नाही. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की ज्येष्ठता यादी काढायची आणि वरचं नाव पाठवायचं, हे तो नोकरीभर बघत आलाय. तुमची संस्था भाषिक अल्पसंख्याकांची आहे हे त्याच्यासमोरच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसेल, तर त्याने दुसरं सांगावं तरी काय?

पण सुप्रीम कोर्टाने याच प्रश्नावर वेगळं सांगितलंय. १९९८ मधला एन. अम्माद खटला केरळातल्या एका अनुदानित अल्पसंख्याक हायस्कूलचा. व्यवस्थापनाने ज्येष्ठ शिक्षकाला बाजूला ठेवून आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक नेमला, ज्येष्ठ शिक्षक कोर्टात गेले, आणि कोर्टाने व्यवस्थापनाच्या बाजूने निकाल दिला. शाळेचा कारभार, तिची शिस्त, तिचा स्वभाव हे सगळं मुख्याध्यापकावर उभं असतं. म्हणून पात्र माणसांतून त्याची निवड करणं हा कलम ३० ने दिलेल्या, आपली संस्था चालवण्याच्या हक्काचा गाभाच, असं त्यामागचं म्हणणं. २००६ मध्ये मलंकारा सिरियन कॅथॉलिक कॉलेजच्या खटल्यात तेच प्राचार्यांबाबत ठरलं. तिथे ज्येष्ठता बघा म्हणणारी तरतूद विद्यापीठाच्या कायद्यातच होती, तरी ती अल्पसंख्याक संस्थेला बांधत नाही असं कोर्ट म्हणालं. अनुदान घेतलं म्हणून प्रमुख निवडण्याचा हक्क जात नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

थोडक्यात, बाईंना नेमायचं ठरवलंत तर निव्वळ ज्येष्ठतेच्या मुद्द्यावर प्रस्ताव अडवणं खात्याला कठीण आहे. दोन्ही निकालांचा उल्लेख प्रस्तावासोबतच्या पत्रात करा, आणि ते पत्र कन्नडमध्ये लिहा, सोबत मराठी प्रत जोडा. यात स्वाभिमानाचा प्रश्न करणारे सभासद तुमच्याकडे असतीलच. त्यांना सांगा की वाचणाऱ्याला कळलं तर फाइल हलते.

आता दुसऱ्या बाजूचे, 'कोण विचारणार?' म्हणणारे. हे वाक्य मी बेळगावात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा कंटाळा येतो. विचारणारे आहेत. राज्यघटनेच्या कलम ३० ने 'धर्म किंवा भाषा' यांवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. पण चालवण्याच्या हक्कात वाटेल तसा कारभार करण्याचा हक्क येत नाही, हे केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्येच सांगून ठेवलं. शिक्षकाची किमान पात्रता सरकार ठरवू शकतं. अनुदान कुठे खर्च झालं ते विचारू शकतं. कर्मचाऱ्याला मनात आलं म्हणून काढता येऊ नये अशी व्यवस्था करू शकतं. २००२ चा टी. एम. ए. पै खटला तर मणिपालचा, म्हणजे कर्नाटकातलाच. अकरा न्यायाधीशांच्या त्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना नेमणुकीत मोकळीक दिली, पण निवडीची आणि शिस्तभंगाची काहीतरी तर्कशुद्ध पद्धत संस्थेने स्वतः आखली पाहिजे असंही बजावलं. विनाअनुदानितांकडून ही अपेक्षा, मग सरकारी पगार घेणाऱ्यांना ती चुकेल का?

२०२० चा एक निकालही माहीत असू द्या, कारण विरोधी वकील तो काढणारच. पश्चिम बंगालने अनुदानित मदरशांतले शिक्षक निवडायला आयोग नेमला. ते अल्पसंख्याकांच्या हक्कावर आक्रमण आहे असं कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने आयोगाचा कायदा कायम केला. त्या निकालाची मांडणी अशी की जे शिक्षण धर्म, भाषा, वारसा जपण्यासाठी आहे तिथे आपल्या ध्येयाशी जुळणारी माणसं निवडायला संस्थेला जास्तीत जास्त मोकळीक. आणि जे शिक्षण सगळ्या शाळांत सारखंच, तिथे गुणवत्तेवर निवड होणं विद्यार्थ्यांच्याच हिताचं. कर्नाटकात आज अल्पसंख्याक हायस्कुलांसाठी बंगालसारखा आयोग नाही, म्हणून तो निकाल उद्या तुमच्या दारात येऊन बसणार नाही. पण वारा कुठून वाहतोय ते कळतं. मनमानी नेमणुकांची उदाहरणं साठत गेली की आयोग आणायला सरकारला आयतं कारण मिळतं.

तुमच्या पत्रात भाषिक अल्पसंख्याक शब्द आहे, पण दाखला सापडत नाही ही ओळही आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय.

आपल्याकडे एक समज आहे की गावात सगळे मराठी, तालुक्यात मराठी बहुसंख्य, मग आपण अल्पसंख्याक कसे? पै निकालानुसार धर्म असो वा भाषा, अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरतं. कर्नाटकात मराठी अल्पसंख्याक, मग खानापुरात ती कितीही बोलली जावो. याच न्यायाने जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळा महाराष्ट्रात अल्पसंख्याक, आणि कलम ३० त्यांनाही तितकंच लागू. (हे मी आपल्या सभांत बोललो की टाळ्या जरा कमी पडतात. महाराष्ट्राने शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा गुजराती संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या आणि २००४ मध्ये हरल्या. शाळांत कन्नड सक्तीची करणाऱ्या २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याविरुद्ध बोलताना तो निकाल आपल्यालाच आडवा येतो.)

दुसरा समज, दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडून दाखला आणता येईल. नाही येणार. २००४ च्या कायद्याखालचा तो आयोग धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे. भाषिक संस्थेला राज्य सरकारच्या शिक्षण खात्याकडेच जावं लागतं. राज्यघटनेतल्या कलम ३५० ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत, आणि त्यांच्याकडे तक्रार जरूर करता येते, पण ते शिफारस करतात. तुमचा प्रस्ताव मंजूर करणं त्यांच्या हातात नाही.

दाखला हरवला म्हणून दर्जा हरवत नाही, हा दिलासा त्याच अम्माद निकालात आहे. सरकारची घोषणा म्हणजे आधीपासून असलेल्या गोष्टीला दिलेली मान्यता. दर्जा घोषणेमुळे जन्माला येत नाही, असं कोर्ट म्हणतं. पण मग तो 'आधीपासून' होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी बहुमताने सांगितलं की संस्था कुणी स्थापन केली हे ठरवताना तिच्या मुळाशी जायचं : कल्पना कुणाची, पुढाकार कुणाचा, पैसा आणि जमीन कुठून आली, हेतू कुणाच्या भल्याचा होता. तुमच्यासारख्या जुन्या संस्थेला ही कसोटी फार सोयीची आहे. जुनी इतिवृत्तं शोधा. संस्थेची घटना, नोंदणीचा दाखला, पहिल्या वर्गणीची पावतीपुस्तकं, देवस्थानच्या पंचांनी जागा दिली असेल तर तो ठराव, मराठी माध्यमाला परवानगी देणारा खात्याचा पहिला आदेश. हे सगळं एखाद्या जुन्या सचिवाच्या घरी माळ्यावर ट्रंकेत असतं, आणि तो गेल्यावर मुलं रद्दीत घालतात. सभा होईल तेव्हा होईल, हे काम या आठवड्यात सुरू करा. शिवाय दाखल्याच्या प्रतीसाठी डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

आता खुर्चीकडे येतो.

'कन्नड माणूस बसला की शाळा गेली' या भीतीला मी हसणार नाही. १९८६ च्या जूनमधलं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, तो गोळीबार, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक, हे ज्यांनी पाहिलंय ती माणसं अजून आपल्या कमिट्यांत बसतात. त्यांची भीती पुस्तकातून आलेली नाही. पण शाळा मराठी राहते कशाने, याचा शांतपणे विचार करा. माध्यम बदलायचं तर संस्थेचा ठराव लागतो, खात्याची परवानगी लागते; मुख्याध्यापक सकाळी येऊन फळ्यावर जाहीर करून माध्यम बदलू शकत नाही. मराठी शाळा जाते ती पट घसरल्याने. पोरं इंग्रजी माध्यमाकडे जातात. निवृत्तांच्या अनुदानित जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. आणि गणित-विज्ञान मराठीतून नीट शिकवणारा माणूस मिळत नाही. ही तिसरी अडचण तुमच्या शाळेत इतकी वर्षं कुणी येऊ दिली नाही? तेच सर ना? त्यांना आत घेताना तुमच्याच संस्थेने मुलाखत घेतली होती. तेव्हा घरची भाषा आड आली नाही.

कलम ३० तुम्हाला निवडीचं स्वातंत्र्य देतं, आपल्याच भाषेचा माणूस नेमा अशी अट घालत नाही. केरळातल्या ख्रिस्ती कॉलेजांत हिंदू प्राध्यापक असतात, बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये अर्ध्या बाया मराठी असतात. त्यामुळे त्या संस्थांचा दर्जा गेला नाही. मराठीवर पकड हवी, मराठी माध्यमात शिकवण्याचा अनुभव हवा, पालकांशी आणि पंचायतीशी मराठीत बोलता यायला हवं, अशी कसोटी तुम्ही खुशाल लावा. ती संस्थेच्या ध्येयाशी सरळ जोडलेली आहे आणि कुठल्याही कोर्टात टिकेल. सर त्या कसोटीला उतरत नसतील तर गोष्ट वेगळी. उतरत असतील आणि तरी 'मातृभाषा कन्नड' म्हणून इतिवृत्तात नोंद करून त्यांना बाजूला ठेवलंत, तर ती एक ओळ दुसऱ्या दिवशी कन्नड वर्तमानपत्रात दिसेल. मग एक नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, काळा दिवस पाळताना भाषेवरून होणाऱ्या अन्यायाबद्दल तुम्ही काय बोलणार, ते ठरवून ठेवा.

आणि चेअरमनसाहेबांचे भाचे. तुमच्या पत्रात या एका वाक्याला सगळ्यात कमी जागा आहे, म्हणून मला ते जास्त खटकलं. कायद्याच्या भाषेत बाहेरून मुख्याध्यापक आणता येतो. अम्माद खटल्याने तेवढी वाट मोकळी ठेवलीय. पण पगार सरकारकडून घ्यायचाय, म्हणजे कर्नाटकाची पात्रता, अनुभव आणि मंजूर पद या तिन्ही गोष्टी तपासल्या जाणार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कलम ३० चा हक्क मराठी भाषिक समाजाचा आहे. कार्यकारिणी तो त्यांच्या वतीने वापरते. चेअरमनांच्या घरात तो वारसाने येत नाही. भाच्याची नेमणूक झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे गेलं, तर न्यायाधीशांच्या पहिल्याच प्रश्नाला तुमच्या वकिलाकडे उत्तर नसेल : निवड कशी केली? कुणी कुणाशी तुलना केली? चेअरमन त्या बैठकीत बसले होते का? अशा एका खटल्यात हरलात तर नुसता भाचा घरी जाणार नाही. त्या निकालाचा हवाला देऊन पुढे येळ्ळूरच्या, निपाणीच्या, उचगावच्या संस्थेचाही प्रस्ताव अडवता येईल. भाच्याला खरंच मुख्याध्यापक व्हायचं असेल तर जाहिरात बघून त्यांनी अर्ज करावा, आणि चेअरमनांनी निवडीच्या दिवशी बाहेर बसावं. हे त्यांना सांगणं तुम्हाला जड जाईल हे मला समजतं. सचिवपद त्यासाठीच असतं.

कृती अशी. कार्यकारिणीने निवड समिती नेमावी. तिच्यात बाहेरचा, शक्यतो निवृत्त झालेला एखादा नामांकित मुख्याध्यापक असावा. कसोट्या उमेदवारांची नावं समोर येण्याआधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. सर, बाई आणि जो कोणी पात्र असेल त्यांना लेखी कळवा, मुलाखत घ्या, कुणाला का निवडलं ते चार वाक्यांत लिहा. ज्येष्ठाला बाजूला ठेवायचं ठरलं तर कारण लिहिणं आणखी गरजेचं. हे सगळं एप्रिलच्या आत उरका. मे गेला आणि मंजुरी आली नाही, तर पगारबिलावर सही कुणाची हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहतो आणि दोन्ही तटांच्या शिक्षकांचे पगार लटकतात. तोवर प्रभार कुणाकडे, तेही त्याच ठरावात लिहा. निव्वळ प्रभाराला ज्येष्ठता धरली तर कुणाचीही हरकत येणार नाही.

टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण सभेत कुणीतरी काढेलच. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी आवश्यक ठरवली. अल्पसंख्याक शाळांना ती लागू करायची का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवलाय, कारण शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा २०१४ चा प्रमती निकाल आहे. तुमच्या आठवीच्या वर्गापुरता एवढा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावरून मुख्याध्यापकाची निवड अडवू देऊ नका.

सर कोर्टात गेले तर? जाऊ शकतात, तो त्यांचा हक्क. बढती मिळाली नाही एवढ्यावर त्यांचं प्रकरण कमजोर आहे, वर सांगितलेल्या निकालांमुळे. ते बळकट होईल ते तुमच्या चुकीने. त्यांना खुर्चीपासून दूर ठेवायला एखादा मेमो, एखादी जुनी तक्रार उकरून चौकशी, असलं काही कुणी सुचवलं तर जागच्या जागी थांबवा. शिक्षा, पदावनती, बडतर्फी यांना कर्नाटक शिक्षण कायद्याच्या कलम ९२ चं संरक्षण आहे आणि त्याविरुद्ध कलम ९४ खाली शैक्षणिक अपील न्यायाधिकरणात दाद मागता येते. तिथे अल्पसंख्याक दर्जाची ढाल चालत नाही.

माझं मत तुम्ही मागितलं नाही, तरी सांगतो. पत्रावरून मला सरांमध्ये उणं काही दिसलं नाही. मी कार्यकारिणीत असतो तर त्यांच्या बाजूने हात वर केला असता. बाईंच्या बाजूनेही चांगलं बोलता येईल आणि तुम्ही त्यांना नेमलंत तर कायदा तुमच्यासोबत आहे. फक्त त्या मराठी आहेत याव्यतिरिक्त दुसरं कारण तुमच्याजवळ असू द्या. इतकी वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईंकडे ते असणारच.

सभेआधी सरांशी बोलायचं का? हो, आणि स्टाफरूममध्ये नको, त्यांच्या घरी जाऊन बोला. निकाल काय लागेल ते सांगू नका, तो तुमच्या हातात नाही. मुख्याध्यापकपद त्यांना खरंच हवंय का, एवढं विचारा. या वयात बिलं, बीईओ ऑफिसच्या खेपा आणि दहावीच्या परीक्षेचं केंद्र यांच्यापेक्षा वर्ग बरा वाटणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनी नको म्हटलं, तर तसं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र घ्या, पण मागून घेऊ नका. हवं म्हणाले, तर निवड समितीपुढे येण्याचं पत्र त्यांना तुमच्या सहीने, आवक-जावक क्रमांकासह, मुलाखतीच्या पुरेसं आधी मिळेल एवढं बघा.